घरातल्या साखरेची आणि थायरॉईडची वही कशी मांडायची

माझ्या हातातल्या फॉर्मवर रकाना होता: जन्माच्या वेळचं वजन, ग्रॅममध्ये. समोर खानापूरकडच्या एका घरातली आज्जी पाय पसरून शेंगा फोडत बसलेली. म्हणाली, "वजन कोण करतंय गं तवा? सुपात घातलं तर सूप भरून हुतं बघ." फॉर्मवर चार चौकोन. त्यात सूप कसं बसवायचं हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मी चारही चौकोनांत ९ भरले. आमच्या कामात ९९९९ म्हणजे ‘माहीत नाही’.

१४ वर्षं मी हे काम केलं. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या भागात आरोग्याच्या सर्वेक्षणांसाठी घरोघर जायचं, कंबर मोजायची, वजन-उंची घ्यायची, रक्तदाब बघायचा आणि प्रश्न विचारायचे. डॉक्टर नाही मी, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. पण या कामात किती वेळा ९९९९ लिहिलं ते आठवलं की अजून चुटपुट लागते. लोकांकडं माहिती नव्हती असं नाही. ती ट्रंकेत होती, कॅलेंडरच्या पाठीमागं होती, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघांत होती, नाहीतर नुकत्याच गेलेल्या सासूच्या डोक्यात होती.

साखर, थायरॉईड, पीसीओडी (बीजकोशांच्या बिघाडानं पाळी अनियमित होणं), पोटाचा घेर, हाडं ठिसूळ होणं, ही दुखणी एका दिवसात येत नाहीत. एकाच बाईला विशीत पीसीओडी, बाळंतपणात साखर आणि पंचेचाळिशीत मधुमेह झाला, तर तीन वेगळ्या डॉक्टरांकडं तीन वेगळे कागद असतात आणि कुणीच ते शेजारी-शेजारी ठेवून बघत नाही. ते शेजारी ठेवायला एक वही लागते. ती कशी मांडायची तेवढंच इथं सांगते.

आधी एका वहीची गोष्ट. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी सुइणी आणि परिचारिकांकडून प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि एक वर्षाचं झाल्यावरचं वजन खातेवहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. हेतू साधा होता, पोरं जगावीत. सत्तरेक वर्षांनी डेव्हिड बार्कर या संशोधकाच्या हाती त्या वह्या लागल्या. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या वह्यांतल्या ५ हजार ६५४ पुरुषांपैकी जे जन्मताना आणि वर्षाचे असताना वजनानं कमी होते, ते हृदयविकारानं जास्त मेले. पुढं त्यातल्याच माणसांची साखर तपासली, तर तिथंही कमी वजनाचा संबंध दिसला. आपल्या कर्नाटकात म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी होत्या. त्या बाळांना म्हातारपणी शोधून काढलं तेव्हा मधुमेहाची गोष्ट थोडी वेगळी निघाली. लांबीनं आखूड पण लांबीच्या मानानं गुटगुटीत जन्मलेल्यांत, आणि ज्यांच्या आया वजनदार होत्या त्यांच्यात, तो जास्त होता. त्या वह्यांत बाळाची लांबीही होती म्हणून हे कळलं. नुसतं वजन असतं तर कळलं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि बाळं मोजली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधलं ३.५ किलोचं, पण आपल्या बारक्या बाळात चरबी त्या मानानं टिकून असते, स्नायू कमी असतात, असं निघालं. डॉक्टरांनी स्वतःलाच पुरावा म्हणून उभं केलं होतं. त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज मित्राचा, जॉन युडकिन यांचा, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मित्राची ९.१ टक्के, डॉक्टरांची २१.२.

"मी तर वाळलेली काठी, मला कुठली साखर?" म्हणणाऱ्या प्रत्येक मामंजींना मी हे दोन आकडे ऐकवते.

आता माझी चूक. २००४ मध्ये धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात माझी साखर वाढलेली होती. बाळंतपण झालं, साखर उतरली, विषय संपला. २००७ मध्ये आम्ही घर बदललं आणि मी स्वतःच्या हातानं जुन्या फायली रद्दीवाल्याला दिल्या, किलोवर. २०१६ मध्ये पुन्हा साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात होती का? किती होती?" मी १४ वर्षांत लोकांना हाच प्रश्न हजार वेळा विचारला असेल, आणि माझंच उत्तर ९९९९.

वही आणि पहिलं पान

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. स्पायरलची नको, पानं निसटतात. मोबाइलमधले फोटो हवेत, पण जोडीला. फोन पाण्यात पडतो आणि थोरला पोरगा तो फॉरमॅट करतो. निळ्या बॉलपेननं लिहा. जेलपेनाची शाई आमच्या पावसात फुटते.

पहिल्या पानावर झाड काढा. आज्जी-आजोबा दोन्हीकडचे, त्यांची मुलं, आत्या, मामा, मावशा. प्रत्येकापुढं दुखणं, आणि ते कितव्या वर्षी कळलं. ‘कितव्या वर्षी’ हा शब्द महत्त्वाचा. ‘बाबांना शुगर होती’ याला फार अर्थ नाही. सत्तराव्या वर्षी लागलेली साखर आणि पस्तिसाव्या वर्षी लागलेली साखर या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

म्हाताऱ्यांना वय विचारू नका. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावलेला. प्रसंग विचारा. आमच्या कामात यासाठी गावागावाचं प्रसंगांचं कोष्टक असायचं: १९५६ ला राज्य बदललं, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, ७२ चा दुष्काळ, ८४ ला इंदिरा गांधी गेल्या, ८६ चं कन्नडसक्तीचं आंदोलन. त्यात गावची लक्ष्मीयात्रा घाला. आमच्याकडं ती बऱ्याच वर्षांनी एकदा येते, त्यामुळं कुणी विसरत नाही. "गेल्या लक्ष्मीला तुमची साखर निघाली होती की त्याच्या आधी?" असं विचारलं की आज्जी क्षणात सांगते, "छे, तवा मी देवीपुढं जोंधळ्याचं पोतं उचललंय की!"

कागद कन्नडमध्ये असतो, घाबरू नका

सीमेवरच्या घरातले कागद तीन भाषांत असतात. सरकारी दवाखान्याचे कन्नडमध्ये, लॅबचे इंग्रजीत, आणि मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवलं असेल तर तिथल्या डॉक्टरांचं मराठी. कर्नाटकात गरोदर बाईला जे कार्ड मिळतं त्याला आपण ‘ताई कार्ड’ म्हणतो. मी कित्येक वर्षं समजत होते की ते अंगणवाडीच्या ताईंचं कार्ड! तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. ते कार्ड म्हणजे सोनं आहे. हे पाच शब्द ओळखता आले तरी काम भागतं: हेसरु म्हणजे नाव, वयस्सु म्हणजे वय, तूक म्हणजे वजन, एत्तर म्हणजे उंची, हेरिगे म्हणजे बाळंतपण. रक्तदोत्तड हा लांबलचक शब्द दिसला की तो रक्तदाब. बाकी आशाताईंना विचारा, त्यांना दोन्ही भाषा येतात.

त्यातले आकडे वहीत उतरवा. कागद जपून ठेवला म्हणजे झालं असं नाही, कारण चकचकीत थर्मल कागदावरची छपाई दोन-तीन वर्षांत पांढरी होते. उतरवताना आकड्याबरोबर चार गोष्टी लिहा: तारीख, लॅब कोणती, एकक काय, आणि त्या लॅबनं दिलेली नॉर्मलची मर्यादा. टीएसएच, म्हणजे थायरॉईड बघायचा रक्तातला आकडा, कुठं किती चालतो हे लॅबच्या यंत्रावरही अवलंबून असतं, गरोदर बाईसाठी तर मर्यादाच वेगळी. आणि वहीत ‘नॉर्मल’ हा शब्द लिहायचा नाही. कधीच नाही. उपाशी साखर ९८ हीसुद्धा नॉर्मल आणि ७८ हीसुद्धा नॉर्मल, पण तीन वर्षांत ७८, ८९, ९८ असा जिना दिसला तर डॉक्टर पेन खाली ठेवून तुमच्याकडं बघतात.

जन्माचं पान

प्रत्येक मुलाला एक पान. जन्मवजन, लांबी, किती आठवड्यांनी झालं, आणि जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासला का. ही तपासणी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. थायरॉईड जन्मतःच कमी असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मुलाची बुद्धी वाचते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. तपासणी झाली नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

मग दर सहा महिन्यांनी उंची. चौकटीवर रेघ मारायची पद्धत उत्तम आहे, फक्त दिवाळीला रंग लावायच्या आधी रेघा वहीत उतरवा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षात चारच्या आत आलं तर "आमचं घराणंच बुटकं" म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

वयात येणं

मुलीची पहिली पाळी: महिना, वर्ष, वय. आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली किंवा पंधरापर्यंत पाळी आलीच नाही, तर दाखवायचं. मुलग्यांत नऊच्या आत बदल दिसले तर लवकर.

पीसीओडीविषयी भरपूर बोललं जातं, त्यात भीती जास्त आणि तारखा कमी. मी मुलींना विचारायचे, "पाळी नियमित आहे का?" त्या म्हणायच्या, "हो, तशी आहे." मग खोदून विचारलं की कळायचं दीड-दोन महिन्यांनी येते, पण दर वेळी दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे तिच्या हिशेबानं नियमितच! म्हणून तारखाच लिहा. आमच्या आईची पद्धत छान होती: मराठी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी एक बारीक टिंब. पण जानेवारीत जुनं कॅलेंडर चूल पेटवायला जायचं, आणि त्याबरोबर बारा टिंबं. ती उतरवून घ्या. पहिलं वर्ष-दोन वर्षं पाळी मागं-पुढं होणं स्वाभाविक असतं. नंतर मात्र दोन पाळ्यांत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर, किंवा वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या, असं असेल तर डॉक्टरांना ती तारखांची यादीच दाखवा. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर केवळ सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून मुलीला पीसीओडीचा शिक्का मारू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही सांगतं, कारण त्या वयात बीजकोश तसे दिसतातच. शिक्का बसला की आमच्याकडं लगेच लग्नाची काळजी सुरू होते. तो वेगळाच विषय.

बाळंतपणाचं पान, हे सगळ्यात मोठं ठेवा

गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घेतात. जेवून आला असाल तरी चालतं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दोन्ही आकडे तारखेसह लिहा. ‘थोडी शुगर होती’ नको. ज्यांना ती झाली त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची आणि पुढं दर वर्षी. हे मला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि बाळाच्या रडण्यात माझ्या कानांवरून गेलं, आता आठवत नाही. वहीत सहा आठवड्यांनंतरची तारीख आधीच लिहून ठेवा आणि पुढं रिकामी जागा सोडा. रिकामी जागा टोचत राहते.

आणि एक प्रश्न जो आमच्या फॉर्मवर फार क्वचित असायचा: बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, दूध आलं का, पाळी किती महिन्यांनी परत आली? निपाणीकडं एका घरात एक वैनी भेटल्या. तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या, पण दोन-तीन वर्षांपासून त्राण नव्हतं, मे महिन्यात चादर लपेटून बसायच्या. घरचे म्हणायचे आळस. मी कंबर मोजता-मोजता गप्पा मारल्या तेव्हा कळलं, शेवटच्या बाळंतपणात पलंगाखाली रक्त साचलं होतं, दूध थेंबभर आलं नाही, त्यानंतर पाळीच नाही. त्यांना वाटलेलं पाळी लवकर गेली. मी पर्यवेक्षक डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पुढं पाठवलं. फार रक्त गेलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी मार खाते आणि मग थायरॉईड, पाळी, अंगातला जोर, सगळ्यांचे हुकूम बंद पडतात. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. औषध आहे, गोळ्यांनी माणूस उभं राहतं. हे तीन प्रश्न वहीत असतील तर एखाद्या बाईची दहा वर्षं वाचतील.

बाळंतपणात फार रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळीची मोठी चाचणी २००२ ते २००५ मध्ये याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत झाली, १ हजार ६२० बायकांवर. परिणाम २००६ मध्ये छापून आला आणि जगानं त्याची दखल घेतली. आपल्याकडच्या आयांनी जगाला दिलेली ही गोष्ट आपल्याकडं फार कुणाला माहीत नाही.

मोजायचं कसं

इथं लोक सगळ्यात जास्त चुका करतात, आणि मीही केल्या. पहिल्या सहा महिन्यांत मी बायकांची कंबर साडीवरून, निऱ्यांच्या गाठीवरून मोजत होते. पर्यवेक्षक बाईंनी पुन्हा मोजलं तर काही ठिकाणी चार-चार सेंटिमीटरचा फरक. टेप परकराच्या नाडीवर ठेवायची नसते. शेवटची बरगडी चाचपा, कमरेचं हाड चाचपा, त्यांच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर. श्वास सहज सोडल्यावर वाचा. पोट आत घेतलं की ओळखू येतं, विशेषतः पुरुषांचं. आपल्यासाठी पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटर ही सावध व्हायची रेघ आहे. शिंप्याची कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणली जाते. ती शाळेच्या पट्टीशी एकदा ताडून बघा.

वजनकाटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. तो खरं बोलतो का हे बघायला दहा किलोची न फोडलेली तांदळाची पिशवी त्यावर ठेवा. उंची भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून. साठीनंतर उंची पुन्हा मोजायला लागा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर मणक्याचं हाड खचलेलं असू शकतं, दुखत नसलं तरी.

खाण्याचं लिहायचं तर ‘साधं जेवण’ लिहू नका. घरातली वाटी औषधाच्या मापानं पाणी भरून किती मिलिलिटरची आहे ते एकदा काढा. महिन्याला तेल किती लिटर येतं ते लिहा आणि माणसांनी भागा. हा आकडा खोटं बोलत नाही. कुंद्याचं, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचं, मात्र कुणीही खरं सांगत नाही, बेळगावात तर नाहीच.

उपाशी म्हणजे काय

"उपाशी आलात का, काकू?"

"होय की, आज सोमवार. साबुदाणा तेवढा खाल्लोय."

(आमच्या भागात बायकाही ‘मी खाल्लो, मी गेलो’ म्हणतात, हसू नका.)

उपास वेगळा, उपाशी वेगळं. उपाशी रक्त द्यायचं म्हणजे रात्री साडेआठ-नऊला जेवण, मग आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, मिश्री नाही, तंबाखू नाही. ग्लुकोज पिऊन दोन तास थांबायचं असेल तेव्हा बसूनच राहायचं. त्या दोन तासांत एक आक्का मळ्यात वैरण कापून आल्या होत्या, "बसून काय करू?" म्हणत. त्यांचा आकडा वाया गेला. वेळ पहिल्या घोटापासून मोजतात.

रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतलं का बघा. साध्या नळीत रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते. गावात सकाळी सातला घेतलेलं रक्त मोटारसायकलवरून दहाला बेळगावात पोचलं तर १२६ चे १०५ होऊ शकतात, आणि माणूस खुशीत घरी जातो. उपाशी १२६ किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.५ किंवा जास्त, दोनदा आली की मधुमेह धरतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सी खोटी चढलेली येऊ शकते, म्हणून दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे वेगळ्या रकान्यात. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त एका रांगेत बसवायचं नाही.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा-एक तास काही नाही. आमच्या सासूबाई ती दुधाच्या चहाबरोबर घ्यायच्या आणि दुपारी कॅल्शियम. टीएसएच वर-खाली, गोळी वाढवा, कमी करा, असं वर्षभर चाललं. मी वहीत ‘गोळी किती वाजता, कशाबरोबर’ असा रकाना घातला तेव्हा उलगडलं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. गोळी बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचा, त्याआधी करून पैसे घालवू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांगा, त्यानं थायरॉईडचा आकडा चुकतो.

चाळिशीनंतर

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली म्हणायचं. तारीख लिहा. चाळिशीच्या आत गेली तर तपासून घ्या. पिशवी काढली असेल तर कधी, कशासाठी, आणि बीजकोशही काढले का, हे डिस्चार्ज कार्डावरून बघून लिहा. बायका सांगतात, "सगळं काढलंय," आणि त्यांनाच माहीत नसतं सगळं म्हणजे काय. हाडं आणि हृदय या दोघांनाही त्या उत्तराशी घेणं असतं.

पुरुषांच्या पानावर फार काही नसतं, कारण पुरुष सांगत नाहीत. कंबर, रक्तदाब, साखर एवढं तरी चिकाटीनं घ्या.

वयस्कर माणसांत साखर वाढण्यापेक्षा अचानक उतरणं जास्त धोक्याचं. ७० च्या खाली गेलेली प्रत्येक वेळ लिहा: किती वाजता, त्याआधी काय खाल्लं होतं, गोळी घेतली होती का. ‘आज्जी जरा बरळली’ ही नोंदसुद्धा वेळेसह चालते.

दारात संशोधनवाले आले तर

मी त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी असायचे, म्हणून सांगते. माहितीपत्रक तुम्हाला कळेल त्या भाषेत मिळायला हवं. कन्नडमधलं दिलं तर मराठीतलं मागा, संकोच करू नका. छापील नसेल तर वाचून समजावून सांगणं त्यांचं काम आहे. अंगठा उठवायचा असेल तर त्यांचा नसलेला, तटस्थ साक्षीदार लागतो. तुमची प्रत तुमच्याकडं राहते, ती वहीत चिकटवा. सात वर्षांवरच्या मुलाला त्याची स्वतःची मर्जी विचारायची असते, तुमची सही असली तरी.

विचारा: रक्त किती घेणार? पाच मिलिलिटर म्हणजे एक चहाचा चमचा, त्याला भिऊ नका. ते पुढं साठवून ठेवणार का, त्यावर जनुकांची तपासणी करणार का? त्यासाठी वेगळी परवानगी असते, ती नाकारून बाकीच्यात भाग घेता येतो. माझा रिपोर्ट मला कधी मिळेल? साखर जास्त निघाली तर पुढं कुणाकडं पाठवणार? नीतिमत्ता समितीचा फोन नंबर पत्रकावर आहे का? औषधाची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी क्रमांक असतोच, तो विचारा. मधेच कधीही ‘आता नको’ म्हणता येतं आणि त्यामुळं दवाखान्यात तुम्हाला मिळणारी वागणूक बदलता कामा नये. पैसे मागितले, किंवा फोनवर आलेला ओटीपी मागितला, तर तो संशोधक नव्हे, दार लावा.

आणि वही त्यांना देऊन टाकायची नाही. समोर बसून बघू द्या, हवं तर फोटो घेऊ द्या, पण नावं झाकून. एका घरातून मी ‘दोन दिवसांत आणून देते’ म्हणून जुनं ताई कार्ड नेलं होतं. पावसात बॅग भिजली. कार्ड वाळवून परत केलं, पण वजनाचा आकडा पुसला होता. त्या वैनी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी कुणाचा कागद घराबाहेर नेला नाही.

सुरुवात म्हाताऱ्यांपासून करा, या रविवारी, जेवण झाल्यावर, त्या सुपारी कातरत बसतात तेव्हा. मुलांचे कागद नंतरही सापडतील. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवा, सोबत दोन डांबरगोळ्या. झुरळांना आणि कसरीला शिवणीतली खळ फार आवडते.